घरटी एक

आडखार गावात माणसं किती, असं कुणी विचारत नाही. घरं किती, असं विचारतात. कारण गावाचं प्रत्येक काम घरावर मोजायचं. खाडीचा बांध फुटला, घरटी एक माणूस. देवळापुढे मांडव घालायचा, घरटी एक. कुणाच्या चितेची लाकडं फोडायची, तरी घरटी एक. उरणच्या बाजूला आता जिकडे तिकडे कंटेनर झाले, गावोगावच्या पोरांनी शेतं सोडून ट्रेलर घेतले, पण आडखारनं ही हाक सोडली नाही. सोडून भागणारही नव्हतं. गावाची भातजमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली, आणि मधे तेवढा एक मातीचा बांध.

घरतांच्या घरातून हाकेला जाणारा तो एक म्हणजे चांगदेव. चौदा वर्षांचा असल्यापासून. बाप मिठागरात राबून पायांनी अधू झाला, तेव्हापासून गावाला बोलावणाऱ्या भागोजीकाकांची हाक आली की चांगदेव अर्ध्या ताटावरून उठायचा. धाकटा भाऊ सदा त्याच्याहून चार वर्षांनी लहान. त्याला दमा होता. मोठा समजूतदार दमा. बांध फुटला की उसळायचा आणि क्रिकेटचे सामने लागले की बसायचा. चांगदेवला हे दिसत नव्हतं असं नाही. पण कुणी टोचलं की तो म्हणायचा, "घरचा एक गेला ना? मंग झालं. दुसरा जाऊन कया करल?"

बांधावरची रीत जुनी आहे. बांधाला पडलेल्या भगदाडाला तिकडे खांड म्हणतात. ओहोटी लागली की सगळे खांडीपाशी जमतात. भागोजीकाका वर उभे राहून तोंडपाठ एकेका घराचं नाव पुकारतात. ज्याचं घर पुकारलं त्यानं "आला!" म्हणायचं आणि चिखलाचा पहिला गोळा खांडीत टाकायचा. जितकी घरं तितके गोळे, आणि मग कामाला सुरुवात. एखाद्या घरातून कुणीच आलं नाही तर तीनदा पुकारतात, आणि शेजारचा कुणीतरी त्या घराच्या नावानं गोळा टाकतो. तो उसना गोळा. त्याला दंड नाही, तक्रार नाही. फक्त पुढचं वर्षभर लग्नात, मयताला, दुकानाच्या ओट्यावर त्या घराचा विषय निघाला की कुणीतरी हळूच म्हणतं, "त्यांचा गोला उसना हाय." घरतांवर ही पाळी कधी आली नव्हती. चांगदेवची सगळी प्रौढी एवढीच.

सदा शिकला, पुढे एका लेबर ठेकेदाराच्या ऑफिसात लागला, गावात शर्ट खोचून फिरू लागला. घरातल्या कामांची वाटणी आपोआप झाली. पाय चांगदेवचे, कागद सदाचे. सातबारा असो, रेशनकार्ड असो, दारात कुठलंही सरकारी पाकीट आलं की ते सदाच्या हातात. चांगदेव सातवी शिकलेला, त्याला वाचता येत होतं, पण भाऊ असताना आपण कशाला डोकं घालायचं, हा त्याचा विचार. दोघांची लग्नं झाल्यावर चुली दोन झाल्या, पडवीत मधे कुडाची भिंत आली. पण घर एकच राहिलं. ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर क्रमांक एक्केचाळीस, आणि बांधावर पुकारताना "वरचे घरत".

अकरा वर्षांपूर्वी गावाच्या दक्षिणेच्या खारजमिनीवर कारखाना येणार असं ठरलं. तोफांचे गोळे करणारा. म्हणजे गोळ्याचं बाहेरचं पोलादी कवच. आतली दारू भरायची ती दुसरीकडे कुठेतरी. लष्कराचं काम म्हटल्यावर गावाला विरोध करणंही जड गेलं. भागोजीकाका सभेत म्हणाले, "देशाचा काम हाय, नाय कसा बोलू? पन देशान आमी पन हाव." मग मागणी ठरली आणि ती बांधावरच्याच भाषेत ठरली: घरटी एक नोकरी, तीही कायमची. साहेब लोकांना दोन महिने 'घरटी' म्हणजे काय ते कळेना. एकानं तर चिमणीची घरटी समजून हसून घेतलं.

साहेब ऐकेनात तेव्हा गावानं रस्ता अडवायचं ठरवलं. अटक होणार हे ठाऊक होतं. भागोजीकाकांनी वेशीवर उभं राहून हाक मारली, "घरटी एक!" आणि घरतांच्या उंबऱ्यातून नेहमीप्रमाणे चांगदेव बाहेर पडला. सदाचा दमा त्या दिवशी फारच जोरात होता.

सगळ्यांना दोन दिवसांत सोडलं. चांगदेवला नऊ दिवस ठेवलं. तो मशीनच्या फावड्यापुढे आडवा पडला होता आणि त्याला उचलताना एक अधिकारी चिखलात घसरून पडला. ढकललं की घसरला, ते त्या चिखलालाच ठाऊक. बाकीच्यांवरचे गुन्हे तडजोडीत मिटले. चांगदेववर सरकारी कामात अडथळा म्हणून वेगळा खटला उभा राहिला. तो सुटून आला त्या दिवशी गावानं त्याला वेशीवरून वाजत नेलं. बायकोनं, वेणूबाईनं, पायांवर पाणी घातलं आणि मग घरात जाऊन रडली. नऊ वर्षांची अमिषा, त्याची एकुलती एक लेक, शाळेत सांगत सुटली की माझा बाबा मशीनला भ्याला नाही.

करार झाला. त्यात 'घरटी एक' याचं साहेबांनी भाषांतर केलं: 'प्रत्येक घर क्रमांकास एक कायम नोकरी'. ज्यांच्या चुली वेगळ्या होत्या त्यांना ताबडतोब शहाणपण सुचलं. एका आठवड्यात बारा घरांनी पंचायतीत जाऊन क्रमांक फोडून घेतले. सदाही अर्ज लिहून घेऊन आला.

"दादा, नुसती सही कर. एक्केचालीस अ आनि एक्केचालीस ब. दोघांना एक एक भेटल."

चांगदेव तेव्हा जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं अर्ज हातातही घेतला नाही. "नोकरीसाठी घर फोरू? बापान काय नाव ठेवलंय, वरचे घरत. पुकारताना भागोजीकाका कया बोलतील, अ आनि ब?"

"मंग एकच भेटल."

"एक भेटल ती घराची. तुजी नाय, माजी नाय."

हे वाक्य त्यानं मोठ्या अभिमानानं म्हटलं. पुढे हेच वाक्य त्याला परत मिळणार होतं.

कारखाना उभा राहायला वर्षं लागली. मधे साथीचा काळ गेला. चांगदेव कोर्टाच्या तारखांना जात होता, मग त्या तारखाही बंद झाल्या. वकील वारले. सदा म्हणाला, "तू नको टेन्शन घेऊस, तारीख परली का मी सांगतो." चांगदेव निश्चिंत झाला. कागद सदाचे.

अमिषा मोठी झाली. दहावीनंतर तिनं आयटीआयला मशीनिस्टचा ट्रेड घेतला. वर्गात पंचवीस पोरं आणि ती एकटी मुलगी. शिक्षकांनी सांगितलं, हिचा हात मापाचा आहे, केसाच्या जाडीचा फरक बोटानं ओळखते. पोरीनं स्वप्न काही मोठं पाहिलं नव्हतं. घरापासून पायी वीस मिनिटांवर गोळ्यांचा कारखाना, तिथे कायम नोकरी, आणि संध्याकाळी आईच्या हातचं जेवण. बाप नऊ दिवस आत बसला तो ह्याच्यासाठीच, असं ती धरून चालली होती.

दोन वर्षांपूर्वी भरती निघाली. पेपरात रोज छापून येत होतं: संरक्षण उत्पादनात रोजगाराची लाट, कोकण किनाऱ्यावर हजारो संधी. प्रत्येक घर क्रमांकानं आपला उमेदवार लेखी द्यायचा होता. चांगदेवनं अमिषाचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी सदा कुडाच्या भिंतीला वळसा घालून आला, पाटावर बसला आणि पाणी मागितलं. मोठी बातमी द्यायची असली की सदा आधी पाणी मागतो.

"दादा, वंगाल वाटून घेऊ नको. पन लष्कराचा काम हाय. पोलीस पडतालनी होते. अमिषाचे अर्जान बापाचा नाव येनार, आनि बापावर केस. नाव उडला तर घराचा हक्कच गेला, परत भेटत नाय."

"माजी केस अजून हाय?"

"मंग? चालू हाय ना."

वेणूबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "भावजी, केस त्यांवर कशापायी हाय? गावापायी ना?"

"वयनी, ता पोलिसांना सांगून चालतंय काय?" सदानं मान खाली घातली. मान खाली घालणं त्याला छान जमायचं. "हितेशचे बापावर केस नाय. हितेशचा नाव पास होल. घरटी एक, दादा. आपल्या घरान आली, बस्स. अमिषासाठी मी ठेकेदाराकरं बोलतो. आनि पोर उद्या लगीन करून जानार, नोकरी सासरी नेल."

हितेश म्हणजे सदाचा मुलगा. पोरगा वाईट नव्हता. त्याला कुठलंच काम फारसं येत नव्हतं, एवढंच.

अमिषा दारात उभी होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दाखले. चांगदेवनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि संमतीपत्रावर सही केली. मग तिला म्हणाला, "माजेमुलं झाला, बाय. तुजा काय दोष नाय." तिनं पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं आणि आत गेली.

तेव्हापासून चांगदेवला त्या नऊ दिवसांची लाज वाटू लागली. ज्याचा आजवर अभिमान होता त्याचीच. गावात कुणी आंदोलनाची गोष्ट काढली, तुझ्यामुळे कारखाना नमला म्हणालं, की तो उठून जायचा. घरी जेवताना मधेच म्हणायचा, "मी मशीनपुढं परलू नसतू तर बरा झाला असता." अमिषा म्हणायची, "बाबा, जेव." असं महिन्यातून दोनतीनदा व्हायचं.

हितेश कायम झाला. स्टोअरमध्ये, निळा गणवेश, निळं ओळखपत्र. सदानं शब्द पाळून अमिषाला ठेकेदाराकडून तिथेच लावलं. तिचं ओळखपत्र पिवळं, सहा महिन्यांचं. सहा महिने झाले की काढून टाकायचं, दहा दिवस घरी बसवायचं आणि नव्या नंबरानं परत घ्यायचं. मागच्या दिवाळीत पेपरात आलं की एकट्या ह्या कारखान्यानं अठराशे नवे रोजगार दिले. वेणूबाईनं कौतुकानं तो कागद वाचायला मागितला तेव्हा अमिषा म्हणाली, "आये, त्या अठराशेन मी तिनदा मोजलेली हाय." तिघंही हसली. चांगदेव जरा उशिरा हसला.

काम मात्र तिचं गोळ्यांपाशीच होतं. तयार झालेल्या कवचाचं तोंड गेजनं तपासायचं. बापाला तिनं एकदा लाटण्यानं समजावलं होतं. "यो गेज. याला दोन टोकं. एक टोक आत गेलाच पायजे. दुसरा अडलाच पायजे. दोनी टोकं आत गेली का गोला बाद, मंग तो किती पन चकचकीत असूंद्या." चांगदेवनं लाटणं हातात घेऊन दोन्ही टोकं निरखून पाहिली होती.

ह्या आषाढात नियम बदलला. ठेक्यावरच्या कामगारांचीही पोलीस पडताळणी होणार. चांगदेवची झोप उडाली. पोरीचं पिवळं ओळखपत्रही आपल्यापायी जाणार, ह्या विचारानं तो दोन दिवस शेतावर गेला नाही. आठव्या दिवशी अमिषा कामावरून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "बाबा, माजा दाखला आला. एकदम क्लीन."

"बापाचा नाव लिवला होता?"

"पूर्ण लिवला होता. चांगदेव हिरू घरत."

"आनि केस?"

"केस नाय लिवलेली कुठं."

तिला त्यात नवल वाटलं नाही; ती हात धुवायला गेली. चांगदेव मात्र ओट्यावर बसून राहिला. बापावर केस असून दाखला आला, तर मग दोन वर्षांपूर्वी का आला नसता?

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून पोलीस ठाण्यात गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा आपल्या पायांनी. हवालदार म्हातारा होता, निवृत्तीला आलेला. त्यानं नाव ऐकून फाईल काढली.

"घरत, तुमचा खटला शासनानं मागे घेतला की. कोर्टाचा हुकूमही झाला. साडेतीन वर्षं होऊन गेली."

"मना कोनी सांगतला नाय."

"असं कसं? घरी माणूस पाठवून प्रत दिली आहे. ही बघा पोच." त्यानं कागद वळवून समोर धरला.

चांगदेवनं बोट ठेवून वाचलं. खाली सही होती. सदाची सही तो लांबूनही ओळखायचा. शेवटी एक लांब शेपूट असतं. सहीखाली दोन छापील शब्द आणि त्यांच्यापुढे सदाच्याच अक्षरात उत्तर. 'आरोपीशी नाते:' आणि पुढे, 'भाऊ'.

हवालदार म्हणाला, "पाणी पिता का?" चांगदेव नको म्हणाला आणि बाहेर आला. एसटीच्या थांब्यावर त्यानं दोन गाड्या सोडल्या. त्याला नोकरीचं दुःख नव्हतं असं नाही, ते होतंच. पण त्याहून वेगळी गोष्ट त्याला आतून जाळत होती. दोन वर्षं तो पोरीची माफी मागत होता. जो गुन्हा उरलाच नव्हता त्यासाठी. आणि भिंतीपलीकडे बसून सदा ते सगळं ऐकत होता. कुडाची भिंत ती. तिच्यातून भाताला आलेली उकळीसुद्धा ऐकू येते.

घरी आल्यावर तो तसाच भिंतीला वळसा घालून गेला. सदा टीव्हीसमोर होता.

"केस सुटलेली तुला म्हाईत होती."

सदानं रिमोटनं आवाज बंद केला. नाही म्हणाला नाही, ह्याचंच चांगदेवला जास्त लागलं. खोटं बोलायचे कष्टही त्यानं घेतले नाहीत.

"व्हय, म्हाईत होती."

"आनि पोरीसमोर बोल्लास, बापावर केस हाय."

"दादा, घर एकच ना आपला? हितेश गेला काय, अमिषा गेली काय. तूच बोल्लावतास, घराची नोकरी, तुजी नाय, माजी नाय." मग त्याचा आवाज चढला. "मी तवाच सांगीत होतू, क्रमांक फोर. दोघांना भेटली असती. तूच बापाचा नाव घेऊन बसलास. मंग मी कया करू? माज्या पोराला एक तरी काम येतंय काय? तुजी पोर हुशार हाय, ती कुठं पन लागल."

चांगदेवचंच वाक्य होतं, त्याच्याच घरात वाढलेलं, आणि आज दुसऱ्याच्या ताटात बसून त्याच्यावर गुरगुरत होतं. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे घर जागेवर होतं, आतला माणूस तेवढा फिरला होता. चांगदेव परत आला. वेणूबाईला आणि अमिषाला त्यानं एका दमात सगळं सांगितलं. वेणूबाईनं दिराला आणि त्याच्या सात पिढ्यांना अशा शिव्या दिल्या की त्यात तिचा नवराही आला. अमिषानं तिच्या शिव्या संपू दिल्या.

मग म्हणाली, "काकाचे आत दोनी टोकं जातान, बाबा." आणि थोड्या वेळानं, "पन सही तुजी होती. मना इचारलाच नाय तू. पोर सासरी जानार, ता काका बोल्ला, आनि तू ऐकून घेतलास."

चांगदेवनं मान वर केली नाही. हे त्याला पोलीस ठाण्यात सुचलं नव्हतं. भावानं त्याला फसवलं हे खरं. पण पोरीच्या बाजूनं पाहिलं तर तिला फसवणारे दोघे होते.

कंपनीत अर्ज करून पाहिला. तिथल्या साहेबानं सभ्यपणे सांगितलं की घर क्रमांक एक्केचाळीसचा हक्क वापरला गेला आहे. त्यांच्या दृष्टीनं प्रश्नच नव्हता. पुढचे काही आठवडे दोन्ही चुलींवर भात शिजत राहिला आणि भिंतीच्या ह्या बाजूचं माणूस त्या बाजूच्या माणसाशी बोललं नाही.

श्रावण अमावास्येला उधाणाचं पाणी चढलं. दुपारी बाराच्या भरतीला दक्षिणेकडचा बांध गेला. तिथे आता एका अंगाला भाताची उरलेली जमीन आणि दुसऱ्या अंगाला कारखान्याची भिंत. पाणी भिंतीला धक्का देऊन सरळ भातात शिरलं. तीनच्या सुमाराला ओहोटीचं पाणी उतरलं आणि भागोजीकाकांची हाक आली. ऐंशी पार केलेला म्हातारा, पण आवाज अजून वेशीपलीकडे जातो.

"घरटी ए...क!"

अमिषा त्या दिवशी घरीच होती. तिचे ते बसायचे दहा दिवस चालू होते. चांगदेवनं कमरेला टॉवेल गुंडाळला. उंबऱ्यात थांबला आणि मागे वळून म्हणाला, "अमिषा, चल."

"मी? बांधावर?"

"चल, बोल्लू ना."

खांड दहा हात रुंद झाली होती. सगळी माणसं गुडघाभर चिखलात उतरली होती. पंचाहत्तर घरं, म्हणजे कराराच्या वेळी फुटलेली बारा धरून. सदा बांधावर कोरड्यात उभा होता. हितेशची कारखान्यात पाळी चालू होती, आणि बहुधा गावानं पाहावं म्हणून सदा आला होता. चांगदेव उतरलेला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला असावा. बोलणं नसलं तरी बांधाला दादा चुकणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. जन्मभर तेच तर चालत आलं होतं.

पुकारा सुरू झाला. तांडेल, आला. खालचे भोईर, आला. कोनाड्याचे म्हात्रे, आला. गोळे एकामागून एक खांडीत पडत होते. मधेच कुणीतरी ओरडलं, "काका, कंपनीला पन पुकारा! ती पन आता गावान घर करून हाय!" सगळे हसले. भिंतीवरच्या कॅमेऱ्यानं सगळ्यांकडे पाहिलं आणि परत दुसरीकडे वळला.

"वरचे घरत!"

चांगदेवच्या हातात चिखलाचा गोळा तयार होता. पण तो काही बोलला नाही.

"वरचे घरत!"

माणसं वळून बघू लागली. सदा वरून म्हणाला, "दादा, बोल ना. आपला नाव घेतलाय."

"आपला नाय," चांगदेव म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण सगळे गप्प झाले होते. "भागोजीकाका, ता नाव आता मोरा. मी जपला, माज्या भावान खाल्ला. दोन घरं हान तिथं. दोन वेगली पुकारा."

त्यानं खटल्याची गोष्ट सांगितली नाही. सांगायची गरजही नव्हती. वेणूबाईच्या शिव्या महिनाभरात विहिरीपर्यंत पोचल्या होत्या आणि विहिरीपासून गाव किती लांब. भागोजीकाकांनी काठी चिखलात रोवली, जरा वेळ खांडीकडे पाहिलं, आणि आयुष्यात कधी न घेतलेलं नाव घेतलं.

"चांगदेव घरत!"

चांगदेवनं हातातला गोळा अमिषाच्या ओंजळीत ठेवला. पोरीनं बापाकडे पाहिलं. बांधावर आजवर कुठल्याही घरातून बाई हा 'एक' म्हणून आली नव्हती. चांगदेवनं मान हलवली.

"आली!" अमिषा ओरडली, आणि गोळा खांडीत टाकला.

कुणी हसलं नाही. भागोजीकाकांनी एकदा खाकरून घसा साफ केला.

"सदा घरत!"

सदा बांधावर उभा. पायांत बूट, खिशात फोन. खाली उतरायला चार पावलं होती. खोचलेला शर्ट त्यानं दोन्ही हातांनी कमरेपाशी धरला आणि तसाच राहिला.

"सदा घरत!"

वाऱ्यानं पाणी सळसळत होतं. सदानं आजूबाजूला पाहिलं, मग कारखान्याच्या भिंतीकडे, जणू हितेश तिथून उतरून येणार होता.

"सदा घरत!"

कुणी हललं नाही. उसना गोळा टाकायला शेजारी लागतो, आणि त्या घराचा शेजारी एकच होता. चांगदेव वाकला. दोन्ही हातांनी चिखल उपसला, नीट दाबून गोळा केला, जसा अडतीस वर्षं करत आला होता तसाच. मग सरळ उभा राहून भावाकडे बघत म्हणाला,

"सदाचे घराचा. उसना."

गोळा खांडीत पडला. भागोजीकाकांनी पुढचं नाव घेतलं आणि काम सुरू झालं.